दुसऱ्या मजल्यावरचा जांभळा उजेड

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या मध्ये साडेचार फुटांची भिंत आहे. ती बांधली तेव्हा वर काचा लावायच्या की नाहीत यावर दोन्ही घरांत महिनाभर खल झाला होता म्हणतात. लावल्या नाहीत हे बरं झालं, कारण रोज सकाळी आठ ते साडेआठ आम्हा दोघींची कोपरं त्या भिंतीवर टेकलेली असतात. सहकारनगरातल्या बातम्या आधी तिथे येतात, मग वॉट्सॲपवर जातात.

"तुमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर रात्री जांभळा उजेड असतो, पाहिलास का गं?" त्या दिवशी काकूंनी चहा झाला का, एवढंही विचारलं नाही.

पाहिला होता. नवरात्रात तो मुलगा भाड्यानं राहायला आला, तेव्हापासूनचा उजेड. दिवाळीत सगळ्यांच्या खिडक्यांत माळा लागल्या, त्यात तो खपून गेला. माळा उतरल्या तरी हा आपला तसाच. पडदा कायम ओढलेला, आणि पडद्याच्या कडेनं गुलाबीसर जांभळा पट्टा.

"मला वाटलं, पार्टी-बिर्टी करत असेल."

"एकटा? आणि आवाज न करता?" काकूंनी मला तिथेच निकालात काढलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. काकूंचा आवाज खाली आला की तो फक्त समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचतो. "गांजा लावलाय म्हणे."

कोण म्हणे, हे विचारायचं नसतं. पण मी विचारलं. दोन्ही घरी कामाला येणाऱ्या मावशी. त्या वरच्या मजल्यावर भांडी घासायला जाताना याचं दार उघडं दिसलं, आत हॉलभर कुंड्या, वर तो दिवा, आणि झाडांना हाताच्या पंजासारखी पानं. मावशींच्या भाच्यानं मोबाइलवर गांजाचं पान दाखवलं आणि मावशी म्हणाल्या, हेच! दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी 'एक गंभीर बाब' असा मथळा टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ११२ लावावा का, असं विचारलं. त्यावर सात अंगठे आले, फोन कुणीच लावला नाही. साक्षीला कोण जाणार?

आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे पेपरामागून बोलायची सवय आहे. "गांजा असेल तर फार वाईट," पेपर बोलला. "१९८५ चा एनडीपीएस कायदा. एक कुंडी असो की एक एकर, लागवड ती लागवड. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड."

"कुंडीला दहा वर्षं?"

"आणि गंमत अशी, की इंग्रजांच्या काळात आपल्या नगर जिल्ह्यात याचीच रीतसर शेती व्हायची. सरकार त्यावर महसूल घ्यायचं. १८९३ मध्ये त्यांनी खास आयोग नेमला होता, याचा अभ्यास करायला."

"तेव्हाचं तेव्हा," काकू म्हणाल्या. "आत्ता माझ्या भिंतीला लागून नको." पण मग त्याच म्हणाल्या, "मात्र दार लावून काही पिकवलं की ते वाईटच असतं असं नाही हं. वारज्याला त्या एकानं लोखंडी कंटेनरमध्ये केशर पिकवलं होतं. पेपरात फोटो आला होता."

काकूंचं असं असतं. आरोप त्याच करतात आणि वकीलपत्रही त्याच घेतात.

दुसऱ्या दिवशी पुरावा आला. मावशींनी पोरगा कचरा ठेवायला बाहेर आला असताना त्याच्या बादलीतून गळालेलं एक पान उचललं आणि ते कागदात गुंडाळून, पदराखालून, भिंतीवर आणून ठेवलं. आम्ही तिघी त्याच्यावर वाकलो. लांब देठ, पाच बोटं, प्रत्येक बोटाची कड करवतीसारखी. माझ्या पोटात गोळा आला. खरंच तसंच दिसत होतं, कॉलेजातली पोरं टी-शर्टवर मिरवतात तसं.

काकूंनी चष्मा कपाळावर सारला, पान उलटंपालटं केलं, देठावरून अंगठा फिरवला. "खरखरीत आहे. बारीक काटे." मग वास घेतला. "वास तर काहीच नाही." आणि मी "अहो काकू—" म्हणेपर्यंत त्यांनी पानाचं एक बोट तोडून तोंडात टाकलं.

मावशींनी "अगं बया" म्हणून कपाळाला हात लावला. काकू चावत होत्या. डोळे बारीक झाले, गाल आत गेले, आणि त्यांनी निकाल दिला.

"आंबट! अगं, अंबाडी आहे ही!"

पेपर खाली आला. हे चपला न घालता अंगणात आले, पान हातात घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. गांजाच्या पानाची बोटं पार देठापर्यंत सुटी असतात, प्रत्येक बोट म्हणजे वेगळं पान म्हणा ना. अंबाडीचं पान एकसंध, फक्त खोल कापलेलं. तळाशी तळव्यासारखा भाग जोडलेला राहतो. अंबाडी भेंडीच्या, जास्वंदीच्या कुळातली. "पण मावशी, तुमची चूक मोठ्या माणसांनीही केलेली आहे हं," हे म्हणाले. "हिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. म्हणजे गांजासारखी जास्वंद! आणि इंग्रजीत हिला डेक्कन हेम्प म्हणतात."

मावशींना एवढंच कळलं की साहेबलोकही फसले होते. त्या समाधानानं भांड्यांकडे गेल्या. ग्रुपवर मात्र कुणी काही लिहिलं नाही. गंभीर बाब मागे घेण्याची पद्धत आमच्या सोसायटीत नाही.

आता प्रश्न असा, की आंबट पान तोंडात असताना काकू स्वस्थ बसणार कशा? दुपारी चारला आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर. दार उघडणारा मुलगा पंचविशीचा, उदगीरकडचा, हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करणारा. रात्री हा घराबाहेर आणि दिवा घरात चालू, म्हणून बाहेरून भुताटकी. काकूंनी सरळ विचारलं, "अंबाडी का लावलीस रे? मंडईत जुडी मिळते की."

"मिळते की काकू, पन आमच्याकडं अंबाड्याची भाजी म्हणतेत तसली नाही. ही आईनं पाठवलेल्या बियांची." बी पाठवलं, पण खोलीला ना गॅलरी ना ऊन; म्हणून ऑनलाइन दिवा मागवला. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून त्या दिव्यात त्याच दोन रंगांचे ठिपके. दोन्ही मिसळले की खोली जांभळी. आमच्या हातांनाही तो रंग चढला होता. काकूंचं नाक तर जांभळं दिसत होतं, ते मी सांगितलं नाही.

हॉलमध्ये कुंड्या होत्या पंधरा-सोळा आणि दृश्य केविलवाणं होतं. मधोमध दिव्याखाली अंबाडी, कमरेएवढी, शेंडे थेट दिव्याला टेकलेले, वरची पानं करपून तपकिरी. शेतात ही माणसाच्या डोक्यावर जाते, हॉलमध्ये तिनं दिव्यापर्यंत मजल मारली होती. कडेला टोमॅटो: काड्या बारीक, दोन पानांमधलं अंतर बोटभर, सगळे माना वळवून दिव्याकडे झुकलेले. आणि अंबाडीच्या सावलीत मिरच्या, जेमतेम वीतभर, पानं पिवळट, एकदोन तर कडेनं भाजल्यासारख्या.

"या वाढेनात म्हणून यांना दुप्पट युरिया घातला," तो म्हणाला.

काकू खालीच बसल्या. "अरे बाबा, अंधारात बसलेल्याला जेवण वाढून काय उपयोग? त्याला ताट दिसत नाही. दिवा एक, आणि तू सगळ्यांना एकाच फरशीवर बसवलंस. ग्रुप फोटोत बुटक्यांना बाकावर चढवतात की नाही?"

मग पुढचा दीड तास काकूंनी त्या मुलाला हुकूम सोडले आणि मला हमाल केलं. मी आमच्या मागच्या दारच्या विटा आणल्या, काकूंच्या घरून श्रीखंडाचे अकरा डबे आले. (श्रीखंडाचा रिकामा डबा टाकून देणारं घर मी पुण्यात अजून पाहिलेलं नाही.) मिरच्यांच्या कुंड्या कुणाला दोन विटा, कुणाला एक वीट आणि वर पालथा डबा, असं करत सगळ्यांचे शेंडे एका रेषेत आले. काकूंनी एक डोळा मिटून, रांगोळीची रेघ पाहावी तशी ती रेघ पाहिली. "कुंडी कुठे का असेना, डोकी एका पातळीत हवीत." दिवा साखळीला टांगलेला होता, तो त्या पातळीपासून फूटभर वर घेतला. तळहात शेंड्यांवर धरायचा. हाताला चटका वाटला तर दिवा आणखी वर.

उंच अंबाडीचं काय? मुलगा कात्री घेऊन आला. काकूंनी कात्री काढून घेतली. आधी वाकवून बघू म्हणाल्या. सकाळी फांद्यांत पाणी भरलेलं असतं, काकडीसारख्या कडक असतात, वाकवल्या की मोडतात. दुपार कलली की जरा ढिल्या पडतात, म्हणून या चार वाजता आलेल्या. (मला वाटलं होतं, चहाच्या वेळेला आलो.) त्यांनी कोवळ्या भागाच्या जरा खाली खोड चिमटीत धरलं आणि कणकेची वळी फिरवावी तसं अलगद फिरवत राहिल्या, ते मऊ होईपर्यंत; मग हळूच बाजूला कलवलं. बांधायला सुतळी नाही, तार तर नाहीच. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी, सैल गाठ, दुसरं टोक कुंडीच्या काठाला पाडलेल्या भोकात. आडव्या झालेल्या खोडाच्या कळ्यांना आता सारखा उजेड मिळणार.

चौथ्या झाडाला टच्‌ असा आवाज झाला. सगळे गप्प.

"हे तू धरलं होतंस," काकू मला म्हणाल्या. मी लांब दाराशी उभी होते.

पण झाड दोन तुकडे होईना. आतलं खोड मोडलं होतं, साल मात्र सुटत नव्हती. शेंडा सालीला लोंबत होता. याच सालीचे दोर वळतात, बैलांची दावी करतात. शेवटी कात्री लागलीच. तो शेंडा काकूंनी पदरात घेतला. "संध्याकाळची सोय झाली."

बाकीच्या उंच झाडांचे शेंडे त्यांनी नखानं खुडले, पानाच्या बेचक्याच्या जरा वर. सगळ्यांचे एका दिवशी नाही. जे डोकं वर काढतंय त्याचं आज, त्याच्या खालोखाल जे आहे त्याचं आठवड्यानं, आणि बुटक्याला हात लावायचा नाही. तेवढ्या अवधीत तो वर येतो. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाला काढायचा नाही. आणि कुंड्या दर तीन दिवसांनी पाव पाव फिरवायच्या, कडेची मध्ये, मधली कडेला. "बदलीची नोकरी आहे असं समज."

टोमॅटोवर मात्र काकूंचाही इलाज चालेना. एक झाड गुडघ्याएवढं, शेजारचं घोट्याएवढं, त्याच मातीत, त्याच दिवशी लावलेलं. बी कुठलं? मंडईतून आणलेल्या टोमॅटोचं, चिरताना काढून वाळवलेलं. रात्री जेवताना हे ऐकून यांना फार आनंद झाला असणार, कारण ते थांबेचनात. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित. पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी येतात, म्हणून तर शेतकरी दर वेळी विकत बी आणतो. त्याच फळाचं बी पुन्हा पेरलं की आजोबांचा उंचपणा एकात, आजीचा बुटकेपणा दुसऱ्यात. विटा किती लावणार?

सकाळी भिंतीवर हा सगळा तपशील पुन्हा झाला, कारण मावशींना ऐकायचा होता. मी विचारलं, शेंडा काढला की बाजूच्या फांद्या फुटतात हे ठीक, पण का?

"कारण शेंडा दादागिरी करतो," काकू.

"ऑक्सिन," पेपर बोलला. "शेंड्यात तयार होतं, खोडातून खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला, दाब गेला. तेच ऑक्सिन उजेडाच्या उलट बाजूला जास्त गोळा होतं, ती बाजू भराभर लांबते, आणि झाड उजेडाकडे वाकतं. डार्विननं मुलाला हाताशी धरून गवताच्या कोंबांवर प्रयोग केले होते, १८८० चं पुस्तक आहे. कोंबाच्या टोकावर टोपी घातली तर कोंब वाकायचाच बंद झाला!"

"टोपी घालायला डार्विन कशाला हवा," काकू म्हणाल्या, "मी शेवंतीला रोज पोतं घालते."

हे मात्र खरं. काकूंच्या दारची शेवंती भिंतीच्या आतल्या बाजूला कळ्यांनी लगडली आहे, आणि रस्त्याकडच्या चार कुंड्या नुसत्या हिरव्यागार, फोफावलेल्या. त्या कोपऱ्यावर रस्त्याचा नवा पांढरा दिवा आलाय. शेवंतीला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. दिव्यानं रात्र मोडली की तिला अजून श्रावणच चाललाय असं वाटतं आणि ती पानंच काढत बसते. म्हणून काकू संध्याकाळी सहाला पोतं घालतात आणि सकाळी सातला काढतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे त्यांना यंदा कुंडी न्यायची आहे. गेल्या खेपेला कुणा दुसऱ्याच बाईंना पहिलं बक्षीस मिळालं. त्या बाईंबद्दल काकूंचं काय मत आहे ते इथे लिहीत नाही, भिंतीपलीकडे काकू वाचतात.

"मग त्या मुलाचा दिवाही रात्री बंद करायला सांगू?" मी विचारलं.

हे म्हणाले, मुळीच नको. अंबाडीचंही शेवंतीसारखंच आहे, रात्र लांबली की फुलावर येते. फूल देखणं असतं, पिवळसर पांढरं आणि पोटात गडद लाल, पण एकदा फुलली की पाल्याची मजा गेली. त्याला भाजी हवीय ना? मग राहू दे उजेड. फक्त पडदा जाड लाव म्हणावं.

यावर काकू जरा गप्प झाल्या. एकाच गोष्टीत एकीला उजेड नको आणि दुसरीला हवा, हे त्यांना आवडलं नसावं. मग म्हणाल्या, "आणि टेबलफॅन लावायला सांग, बारीक. वाऱ्यानं हलली की खोड जाड होतं. मी नाही का रोज सकाळी शेवंतीवरून हात फिरवते." यावर पेपरही काही बोलला नाही. हे पटलं की ते बोलत नाहीत. झाडाला रोज स्पर्श झाला, वारा लागला की ते बुटकं आणि दणकट राहतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे, असं त्यांनी मला नंतर एकटीला सांगितलं.

महिना झाला. परवा मी वर जाऊन आले. अंबाडीची आडवी खोडं कुंडीच्या काठावरून पसरली आहेत आणि प्रत्येक खोडातून पाच-सहा नवे शेंडे सरळ वर आलेत. मिरच्यांच्या खालच्या विटा गेल्या, नुसते डबे उरलेत. दोन मिरच्यांना फुलं आहेत. टोमॅटोपैकी सहा त्यानं मित्रांना वाटून टाकले. जाड पडदा लागलाय, त्यामुळे ग्रुपवर आता 'तो उजेड बंद का झाला' अशी चौकशी सुरू आहे.

काल संध्याकाळी तो भिंतीपाशी स्टीलचा डबा घेऊन आला. पहिला खुडा. पाला शिजवून, पिळून, कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली भाजी, शेंगदाणे, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, सोबत ज्वारीच्या भाकऱ्या त्यानं स्वतः थापलेल्या, कडा जरा फाटलेल्या. काकूंनी भिंतीवरच डबा उघडला, बोटानं चव घेतली. डोळे पुन्हा बारीक झाले. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यांनी त्यात शेवंतीची चार रोपं घालून दिली आणि तो जिना चढून दिसेनासा होईपर्यंत थांबल्या.

मग मला म्हणाल्या, "गूळ घातला नव्हता."